बाळंतपणानंतरचे नैराश्य आणि संप्रेरकांचे उपचार

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बाळंतपणानंतरचे नैराश्य संप्रेरके घटल्यामुळे येते, तेव्हा ती भरून काढली की बाई पूर्ववत होईल, असा समज सुशिक्षित घरांतही आढळतो. वार पडल्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन झपाट्याने घसरतात हे खरे. पण ही घसरण प्रत्येक बाळंतिणीत होते आणि नैराश्य काहींनाच गाठते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात हा चढउतार औषधांनी मुद्दाम घडवला, तेव्हा पूर्वी असे नैराश्य येऊन गेलेल्या ८ पैकी ५ स्त्रियांची मनःस्थिती ढासळली. तसा पूर्वेतिहास नसलेल्या ८ जणींपैकी एकीचीही नाही. बिघाड संप्रेरकाच्या प्रमाणात नसून त्या बदलाला मेंदू कसा प्रतिसाद देतो यात असावा, असे यातून दिसते.

म्हणूनच प्रोजेस्टेरॉनच्या नावाखाली काहीही देणे मला धोक्याचे वाटते. दक्षिण आफ्रिकेतील एका चाचणीत प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत नॉरएथिस्टेरॉन एनँथेट या प्रोजेस्टेरॉनसदृश कृत्रिम संप्रेरकाचे गर्भनिरोधक इंजेक्शन दिलेल्या स्त्रियांत सहाव्या आठवड्यात नैराश्याची लक्षणे वाढलेली आढळली. त्वचेवर लावायच्या इस्ट्रोजेनच्या पट्ट्यांनी १९९६च्या एका चाचणीत गुण दाखवला खरा, पण इस्ट्रोजेनने वाढू शकणारा रक्ताच्या गुठळ्यांचा धोका बाळंतपणानंतरच्या काळात आधीच वाढलेला असतो, याचा विसर पडू नये.

ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली झुरॅनोलोनची गोळी या दोहोंहून वेगळी आहे. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात तयार होणाऱ्या अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनशी साधर्म्य असलेले हे औषध मेंदूची उत्तेजना शांत करणाऱ्या गाबा या रसायनाच्या ग्राहकांवर काम करते, १४ दिवस रोज संध्याकाळी घ्यावे लागते आणि काही दिवसांतच गुण दाखवू शकते. मात्र त्याने गुंगी येते, इतकी की प्रत्येक मात्रेनंतर किमान १२ तास वाहन चालवण्यास मनाई आहे. रात्री बाळाला एकटीने सांभाळणाऱ्या आईच्या बाबतीत हा तपशील गौण नव्हे.

सर्ट्रालिनसारखी नैराश्यरोधक औषधे आणि समुपदेशन हे उपचार हाताशी आहेत, आणि स्तनपान चालू असतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने ते बहुधा घेता येतात. नव्या गोळीच्या आशेने ते लांबवणे मला अन्यायाचे वाटते. प्रसूतीनंतरच्या तपासणीत हे नैराश्य ओळखण्यासाठीच्या एडिंबरो प्रश्नावलीतील १० प्रश्न प्रत्येक आईला विचारले जावेत, लक्षणे असतील तर थायरॉईडही तपासावे, कारण त्याच्या बिघाडातही हाच थकवा आणि उदासी दिसते. आणि जिच्या मनात स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तिला त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे.

आपली नम्र,
एक वाचक