शीराजच्या वाटेवरच्या अनाम मदतनिसांचे आभार

इराणमधल्या शीराजजवळची पासारगाद, नक्श-ए-रुस्तम आणि तख्त-ए-जमशीद (पर्सेपोलिस) ही तिन्ही प्राचीन ठिकाणं एका दिवसात नीट बघता आली ती ज्यांच्यामुळे, त्यांची नावं विचारायची राहिली. म्हणून हे जाहीर आभार.

टॅक्सीवाल्या काकांचे आधी. ‘लांबचं पहिलं’ हा क्रम त्यांचाच. तिथे कुरूश (सायरस) या प्राचीन इराणी राजाच्या कबरीभोवती उघडं मैदान, सावली नाही. पासारगाद सकाळीच उरकावं, बाकीची दोन परतीच्या वाटेवर.

किराणा दुकानातल्या ताईंनी जास्तीच्या नोटा परत केल्या. भाव तोमानमध्ये सांगतात, नोटेवर मात्र रियाल. 1 तोमान म्हणजे 10 रियाल. नवखा माणूस इथेच चुकतो. आपली बँक कार्डं तिथे चालत नाहीत, रोख रक्कम पुरेशी न्यावी.

नक्श-ए-रुस्तमच्या पहारेकरीदादांनी समजावलं, की कड्यातल्या 4 थडग्यांपैकी शिलालेखाने पक्कं ठरतं ते फक्त पहिल्या दारियस राजाचं. खालची शिल्पं सासानी राजघराण्याच्या काळातली, कित्येक शतकांनंतरची. घाईत दोन्हींची गल्लत होते.

आणि तख्त-ए-जमशीदला अपादाना या दरबार-महालाच्या पूर्वेकडच्या जिन्यापाशी बोट दाखवून थांबवणाऱ्या आजोबांचे तर विशेष आभार. नजराणे आणणाऱ्या 23 शिष्टमंडळांच्या तिथल्या कोरीव शिल्पांत भारतातली माणसं आहेत. त्यातल्या एकाच्या खांद्यावर चक्क कावड! उघडं अंग, कमरेला धोतरासारखं वस्त्र, टोपल्यांत लहान पिशव्या, बहुधा सोन्याच्या भुकटीच्या. मागून गाढव. आजोबा, तुम्ही नसतात तर हा कावडवाला नजरेतून सुटला असता.