डॉक्टर मॅडम, तुम्ही मला उभं केलंत

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

सोनोग्राफीला तुमच्याकडे एवढी रांग असते, त्यात मी तुमच्या लक्षात असेन असं नाही. जेवणाचे डबे करणारी, टायफॉइडनंतर हाडं वर आलेली, उजवी कूस धरून आत आलेली ती मी.

माझं दुखणं मेलं असं, की कोणाला खरंच वाटू नये. ओट्याशी पोळ्या लाटायला उभी राहिले की कूस ओढल्यासारखी व्हायची, मळमळायचं, कधी अशी कळ यायची की लाटणं हातातून सुटायचं. आडवी झाले की थोड्या वेळाने सगळं शांत. काम करताना दुखतं आणि झोपलं की थांबतं, या आजाराला घरोघरी काय म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको. सासूबाई माझ्या तोंडावर काही बोलल्या नाहीत, शेजारच्या काकूंजवळ बोलल्या. काकूंनी बेंबी सरकलीय म्हणून पोट चोळून दिलं. काहीतरी सरकलंय एवढं तरी त्या मानत होत्या!

शिकलेल्यांनी तेही मानलं नाही. एका मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट चाळला आणि माझ्याकडे न बघता यांना सांगितलं, "सगळं नॉर्मल आहे. मिसेसना टेन्शन कमी घ्यायला सांगा." ती सोनोग्राफी झोपवून केलेली. झोपल्यावर मला दुखतच नव्हतं, मग त्यात दिसणार काय?

तुम्ही आधी विचारलंत, "कधी दुखतं?" आणि माझं बोलणं पुरं होऊ दिलंत. झोपवून बघितलंत, मग म्हणालात, "आता उभ्या राहा, तशाच बघू." मी उभी राहिले, आणि तुम्ही स्टूल बाजूला सारून चक्क खाली उकिडव्या बसलात. ओढणी खांद्यावरून मागे टाकलीत, एका हाताने पलंगाची कड धरलीत आणि दुसऱ्या हाताने मशीन माझ्या कुशीला लावून बसून राहिलात. बाहेर माणसं ताटकळत होती, दारातून नर्स दोनदा डोकावून गेली. मला अवघडल्यासारखं झालं. डॉक्टर माझ्या पायाशी बसलेली मी कधी बघितली नव्हती. तुम्ही मात्र पडद्यावरची नजर न काढता म्हणालात, "ही बघा, निघाली खाली."

मग यांना आत बोलावून दोघांना समजावलंत. किडनी काही खिळ्याने ठोकलेली नसते, भोवतालची चरबी आणि पडदे तिला धरून ठेवतात. आधार सैल पडला की उभं राहिल्यावर ती घसरते. ५ सेंटीमीटरपेक्षा किंवा दोन मणक्यांपेक्षा जास्त घसरली की त्याला नेफ्रोप्टोसिस म्हणतात. बारीक अंगाच्या बायकांत जास्त, आणि बहुतेक वेळा उजवीच. कित्येकींना त्रासही होत नाही. ज्यांना होतो त्यांच्यात कधी लघवीची नळी मुडपते, कधी रक्तवाहिनी ताणली जाते, आणि माझ्यासारखी कळ येते.

तुम्हीच सांगितलंत, की या कळेचं वर्णन पोलंडमधल्या क्राकूवच्या डीटल नावाच्या डॉक्टरांनी १८६४ मध्येच करून ठेवलंय. १८८१ मध्ये बर्लिनला हान यांनी टाके घालून किडनी जागेवर बसवली, आणि मग जिची पाठ दुखेल तिची किडनी बांधायची टूमच निघाली. इतकी, की पुढे डॉक्टरांचा या आजारावरचाच विश्वास उडाला. म्हणजे तेव्हाच्या सर्जनांनी हौस भागवली आणि बोलणी मी खाल्ली!

मॅडम, मशीन सगळीकडे तेच असतं. पेशंटसाठी गुडघे वाकवायला डिग्री लागत नाही, पण डिग्री मिळाली की बऱ्याच जणांचे गुडघे वाकायचे बंद होतात. बँकेत, कचेरीत, शाळेत तुमच्यासारखी माणसं अजून भेटतात, म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

पुढच्या तपासण्यांत किडनीचं काम ठीक निघालं, ऑपरेशनची गरज नाही म्हणाले. वजन वाढवायचं, पोटाचे व्यायाम करायचे आणि कळ आली की लगेच आडवं व्हायचं. त्यामुळे आता मी डॉक्टरांच्या हुकमाने झोपते आणि उरलेल्या पोळ्या सासूबाई लाटतात. जरा जाड होतात, पण गिऱ्हाइकांची तक्रार नाही.

तुमच्या सेंटरमध्ये दुपारी डबा चालत असेल तर कळवा. पैशांचं मात्र बोलायचं नाही.

आपली,
उजव्या कुशीची पेशंट