मन्याला, फिलिपिन्समधल्या दावाओहून

प्रिय मन्या,

रात्रीचे साडेबारा वाजलेत इकडे, म्हणजे तुझ्याकडे कराडात दहा. फोनच करणार होतो, पण हे सगळं फोनवर मला नीट बोलता येणार नाही, मध्येच गळा दाटतो आणि मग मी विषय बदलतो, तुला माहितीय. म्हणून टाईप करतोय. लांबण लागेल, निवांत वाच.

परवा तू विचारलंस ना, की त्या लोकांचं तुला एवढं काय लागतं, रोज रात्री त्यांच्या रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, काय बसत होतास, भाषा तरी कळते का तुला. मी तेव्हा "अरे असंच" म्हणालो. असंच नाही ते.

मी ज्या घरात राहतो तिथली लोला, म्हणजे आजी, ऑक्टोबरच्या शेवटी गेली. एवढंच तुला माहितीय. ही लोला माझी कोण होती ते सांगतो. चार वर्षांपूर्वी मी इथे मेडिकलला आलो, पहिल्या आठवड्यात हॉस्टेलचं जेवण जाईना, मग एका सिनियरने ही खोली दाखवली. दारातच लोलाने विचारलं, "निकाओन ना का?" म्हणजे जेवलास का. नाव नंतर विचारलं. इथे भारतीय माणसाला बुंबाय म्हणतात, आपल्या बॉम्बेवरून, आणि इथल्या बिसाया भाषेत कांद्यालाही बोंबाय म्हणतात. लोला मला बाजारातून कांदे आणायला सांगायची आणि स्वतःच हसत बसायची. मला हाक मात्र "लांगा" अशी मारायची, म्हणजे लाडक्या. तिच्या सगळ्या नातवंडांना ती तीच हाक मारायची, वेगळी हाक कुणालाच नव्हती.

तिचे आईवडील सेबू बेटावरून बोटीने इकडे मिंदानाओला आले, जमीन मिळेल म्हणून. सोबत सान्तो निन्योची एक लाकडी मूर्ती आणली, म्हणजे बाळ येशू, डोक्यावर मुकुट, अंगात लाल झगा. सेबूची मूळ मूर्ती मॅगेलनने १५२१ मध्ये तिथल्या राणीला दिलेली, पुढे १५६५ मध्ये स्पॅनिश परत आले तेव्हा ती एका घरात सापडली, आणि ती अजून तिथल्या बॅसिलिकात आहे. लोलाची मूर्ती वीतभर, तिचा झगा जानेवारीत सणाला बदलायचा, तो लोलाच शिवायची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आईच आठवली, आपला रांगता बाळकृष्ण पुसून त्याला टोपडं घालणारी. मी लोलाला फोनवर आमच्या देवघराचा फोटो दाखवला, तिने बाळकृष्णाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, यालाही थंडी वाजत असेल.

तर या घराची रचना सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. लोला, तिची मोठी मुलगी म्हणजे नानाय (आई म्हणून हाक मारतात, मीही मारतो), नानायची दोन पोरं, आणि धाकट्या मुलीचा मुलगा, वय नऊ. ही धाकटी, हिला सगळे आते म्हणतात, म्हणजे ताई, आत्या नव्हे. ही हाँगकाँगमध्ये घरकामाला आहे, सात वर्षं झाली. नवरा सोडून गेलाय. इथे घटस्फोटाचा कायदाच नाही, व्हॅटिकन सोडलं तर जगात असा हा एकच देश (मुसलमानांना वेगळा कायदा आहे), त्यामुळे कागदावर ती अजून त्याचीच बायको. लग्नच रद्द करून घ्यायला कोर्टात जायचं तर खर्च तिच्या आवाक्याबाहेर. घर तिच्या पैशावर चालतं, लोलाचं डायलिसिसही तिच्याच पैशावर चालायचं. अशी घरं इथे गल्लीगल्लीत आहेत, २०२३ मध्ये बाहेर कामाला गेलेल्या इथल्या लोकांनी या देशात ३३.५ अब्ज डॉलर पाठवले. मी हा आकडा वाचला तेव्हा मला आतेची एक खोली आठवली, व्हिडिओवर बघितलेली, खोली कसली, स्वयंपाकघरामागची जागा, पलंगाखाली खोकी. त्या खोक्यांत ती वर्षभर साबण, टॉवेल, कॉर्न्ड बीफचे डबे, पोराचे बूट साठवते आणि मग ते भलंमोठं बालिकबायान खोकं बोटीने पाठवते, ते यायला महिना-दीड महिना लागतो.

पोराला आई माहितीय ती बहुतेक फोनमधलीच. मोठ्या माणसाचा हात हातात घेऊन कपाळाला लावायची पद्धत आहे इथे, आपल्या वाकून नमस्कारासारखी, मानो म्हणतात, पोरं नुसतं ब्लेस म्हणतात. हा रोज रात्री कॉल आला की आधी फोनच्या स्क्रीनला कपाळ टेकतो. पलीकडे आते आपला हात कॅमेऱ्यासमोर धरते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा उठून बाहेर गेलो, बघवेना.

लोला गेली त्या रात्री आतेला फोन कुणी करायचा यावर नानाय आणि तिचा भाऊ (पोरांचा मामा) स्वयंपाकघरात अर्धा तास गप्प उभे होते. शेवटी नानायने केला. आते मालकिणीकडे सुट्टी मागायला गेली, मिळाली नाही, पुढच्या वर्षी करार संपेल तेव्हा जा म्हणाले. सोडून आली असती तर कामच गेलं असतं, आणि काम गेलं की व्हिसाही गेला, आणि पोराची शाळा कशावर चालणार. मला इतका संताप आला मन्या, कुणावर काढणार.

इथे माणूस गेला की लगेच पुरत नाहीत. हाया म्हणतात, प्रेत घरातच ठेवतात, काचेच्या झाकणाच्या पेटीत, दिवे, पांढरी फुलं, आठवडाभरसुद्धा, लांबचे लोक पोचेपर्यंत. आणि एक मिनिटही एकटं ठेवत नाहीत. रात्रभर शेजारी अंगणात पत्ते खेळत बसतात, पैसे लावून, मला पहिल्या रात्री ते फार खटकलं, मग मामाने सांगितलं की जागं राहण्यासाठी खेळतात आणि प्रत्येक डावातला काही हिस्सा घरच्यांना जातो, पेटीचा खर्च त्यातूनच निघतो. कॉफी, बिस्किटं, पातेलंभर लापशी सतत चुलीवर. आणि तिथून कुणी सरळ घरी जात नाही, वाटेत कुठेतरी टेकून, पागपाग करून जातात, नाहीतर मेलेलं माणूस मागून येतं म्हणे. आपण नाही का स्मशानातून आलो की आंघोळ केल्याशिवाय घरात शिरत नाही.

नानायच्या मोठ्या पोराने त्याचा नाचाचे व्हिडिओ काढायचा स्टँड आणला, त्यावर जुना फोन लावला, पेटीच्या पायाशी उभा केला आणि मेसेंजरच्या घरच्या ग्रुपवर कॉल चालू केला. सात दिवस तो कॉल बंद झाला नाही. दुबईची बहीण तिच्या शिफ्टनंतर यायची, एक पुतण्या जहाजावर, त्याला बंदर लागलं की रेंज यायची, तो यायचा आणि नुसता बघत बसायचा. आते रात्री मालकाची मुलं झोपली की यायची. कुणी काही बोलत नसत. पेटीजवळ बसलेला माणूस अधूनमधून फोनकडे बघून "आहेस ना?" विचारायचा, तिकडून "आहे" यायचं.

पुरल्यानंतर नऊ रात्री रोझरी. खरं तर संध्याकाळी सातला असते, पण सातला आते स्वयंपाकात, म्हणून सगळ्या गल्लीने ती साडेनऊवर नेली. म्हाताऱ्या बायका, उद्या पहाटे बाजारात मासे लावायचे असलेल्या, त्यासुद्धा साडेनऊला आल्या, कुणी कुरकुर केली नाही. आता हे बघ. रोझरीत अर्धं एकाने म्हणायचं, "माघिमाया का मारिया" पासून, आणि उरलेलं अर्धं बाकीच्यांनी, "सान्ता मारिया, इनाहान सा दियोस". आपल्या भजनात टाळकरी धरतात तसंच. पण आतेचा आवाज उशिरा येत होता. इकडे सगळ्यांचं म्हणून संपायचं आणि मग तिचा एकटीचा आवाज, मागून, उघडा पडल्यासारखा. पहिल्या रात्री तसंच झालं, ती मध्येच थांबली, रडायला लागली, म्हणाली तुम्ही करा, मी नुसती ऐकते.

दुसऱ्या रात्री कुणी काही ठरवलं नाही. नानायने पहिलं अर्धं म्हटलं आणि खोली गप्प राहिली. वीस-पंचवीस माणसं. दोन सेकंद. मग फोनमधून आतेचं "सान्ता मारिया" आलं आणि तिच्यासोबत सगळ्यांनी धरलं. प्रत्येक वेळी. पन्नासच्या पन्नास मण्यांना. नऊ रात्री ते लोक दोन-दोन सेकंद थांबत होते रे. आणि एक भाऊ डोंगरातल्या गावी आहे, त्याच्याकडे डेटाचे पैसे नसतात, इथलं फुकटवालं फेसबुक फक्त अक्षरं दाखवतं, फोटो नाही, आवाज नाही, तर तो प्रत्येक दशकानंतर, म्हणजे दर दहा मण्यांनंतर, नुसतं "आमेन" टाईप करायचा आणि एक मावशी ते मोठ्याने वाचायची, त्याच्या नावासकट. मी पण म्हणत होतो, उच्चार चुकत असतील, कुणी काही म्हटलं नाही.

फोनने भरून निघालं असं मी म्हणत नाही. आतेला आईच्या कपाळाला हात लावायला मिळाला नाही, ते कधीच मिळणार नाही. मागच्या आठवड्यात तिचं खोकं आलं, सप्टेंबरात भरलेलं, त्यात लोलासाठी व्हाइट फ्लावर तेलाच्या सहा बाटल्या, गुडघ्यांना लावायच्या. नानायने त्या सान्तो निन्योच्या शेजारी ओळीने ठेवल्यात, उघडल्या नाहीत.

आता जे सांगायला बसलोय ते. तुझ्या अण्णांच्या दहाव्याला तुझ्या चुलतभावाने प्रीतिसंगमावरून व्हिडिओ कॉल लावला होता. मी वॉर्डात होतो. मी कॅमेरा बंद केला, म्यूट केलं आणि पाच-सात मिनिटांनी कॉल कट केला. राउंड होता हे खरं, पण मी दहा मिनिटं मागून घेऊ शकलो असतो, इथले डॉक्टर अशा गोष्टीला नाही म्हणत नाहीत. मला वाटलं होतं, मोबाईलवरून कसला दहावा, मी असलो काय नसलो काय. पिंड ठेवलेले दिसत होते, कावळा येत नव्हता, तू पाण्याकडे बघत उभा होतास. कावळा शिवला का हे मला दुसऱ्या दिवशी तुझ्या मेसेजवरून कळलं, सव्वा तास लागला म्हणालास. त्या सव्वा तासात मी नव्हतो. ज्या माणसाने माझी पहिली फी भरायला स्वतःची बैलजोडी विकायची तयारी दाखवली, त्याच्यासाठी. तू कधी बोलला नाहीस याबद्दल. बोलला असतास तर बरं झालं असतं असंही वाटतं.

लोलाच्या तिसऱ्या रात्री, त्या दोन सेकंदांच्या गप्पपणात, मला तुझा तो पाठमोरा सदरा दिसला. तेव्हापासून रोज दिसतो.

उद्यापासून इथे सिम्बांग गाबी, १६ ते २४ डिसेंबर, पहाटे चारला चर्च, नऊ दिवस. शेतावर जायच्या आधी लोकांना जमावं म्हणून ती वेळ पडली म्हणतात. आपल्या कार्तिकातल्या काकड्यासारखंच, अंधारात शाली गुंडाळून निघायचं, आणि सुटल्यावर बाहेर गरम सिक्वाते, म्हणजे पातळ चॉकलेट, आणि चिकट तांदळाचं पुतो माया. लोला दरवर्षी नऊच्या नऊ करायची. नऊ पुरे केले की मागितलेलं मिळतं असं मानतात, पण ती म्हणायची मी काही मागत नाही, मी हजेरी लावते. यंदा नानाय फोन हातात धरून चालणार आहे, आतेला घेऊन. मीही जाणार, ड्यूटी साडेसातला आहे.

मन्या, वर्षश्राद्ध श्रावणातच येईल. माझी तेव्हा इंटर्नशिप असेल, येणं जमणार नाही, खोटं आश्वासन देत नाही. पण तिथी कळली की आधी मला सांग, मी त्या दिवशीची सुट्टी आत्तापासून मागून ठेवतो. फोन पूर्ण चार्ज करून घाटाच्या पायरीवर ठेव, पाण्याकडे तोंड करून, कुणी हातात धरायची गरज नाही. मी काही बोलणार नाही. मध्ये तुला वाटलं तर विचार, आहेस ना म्हणून. कावळा शिवेपर्यंत मी आहे, दुपार झाली तरी.

काकूंना नमस्कार सांग. त्यांचे गुडघे कसे आहेत ते लिही. एक वाजून गेला, साडेतीनला नानाय दार वाजवेल.

तुझाच,
पक्या