आधी शेपटी बघा, मग गळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडीत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात उतरणाऱ्या लाल छातीच्या माशीमाराच्या नोंदी दरवर्षी वाढत आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण त्यातल्या बऱ्याचशा पुढे अभ्यासाला उपयोगी पडत नाहीत, म्हणून हे पत्र.

जेमतेम 11-12 सेंमी लांबीचा, दहा ग्रॅमच्या आसपास वजनाचा हा पक्षी पूर्व युरोप आणि त्यापलीकडच्या जंगलांत वीण करतो. युरोपातले बहुतेक कीटकभक्षी स्थलांतरित पक्षी आफ्रिकेत जातात. हा मात्र आपल्याकडे येतो. साधारण ऑक्टोबरात दिसू लागतो आणि मार्च-एप्रिलमध्ये परततो.

नारिंगी गळा दिसला की नर, नाही दिसला की मादी, असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. पहिल्या हिवाळ्यातला नर हुबेहूब मादीसारखा दिसतो, गळ्याला रंग नंतरच्या वर्षांत चढतो. म्हणून गळा फिकट असेल तर ‘मादी किंवा तरुण पक्षी’ एवढंच लिहावं. पंखावर पिवळसर टोकांची बारीक पट्टी असेल तर तो बहुधा पहिल्या वर्षाचा, तेही टिपावं.

दुसरा घोळ तैगा माशीमाराचा, म्हणजे याच्यासारख्याच दिसणाऱ्या भाऊबंदाचा. पूर्वी दोन्ही एकच जात मानत, त्यामुळे जुन्या याद्यांतून नेमका कोण ते कळत नाही. तैगा मुख्यतः पूर्वेकडचा, पण इकडे तो दिसूच शकत नाही असं धरून चालू नये. पक्षी फांदीवर बसतो, पंख किंचित सैल सोडतो आणि शेपटी झटकन वर करतो. त्या क्षणी शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग दिसतात. ते दोन्ही जातींत असतात, त्यावर ओळख ठरवू नका. त्यांच्या मधली, शेपटीला झाकणारी वरची पिसं बघा. तैगामध्ये ती कुळकुळीत काळी, शेपटीइतकी किंवा तिच्याहून गडद असतात. लाल छातीच्या माशीमारात ती शेपटीहून गडद नसतात. खालच्या चोचीचं मूळही बघा, लाल छातीच्या माशीमाराचं ते फिकट असतं, तैगाची चोच जवळजवळ सगळी काळी. ऐन डिसेंबरात नारिंगी गळ्याचा नर असेल तर तो बहुधा लाल छातीचाच, कारण तैगाचा नर हिवाळ्यात तो रंग गमावतो. फेब्रुवारीनंतर मात्र हा आधार धरू नये.

नोंदीत तारीख, वेळ, चाललेलं अंतर आणि दिसलेले सगळे पक्षी हवेत. हंगामातलं पहिलं आणि शेवटचं दर्शन आम्हाला सुंदर फोटोपेक्षा मोलाचं वाटतं. त्यासाठी एप्रिलमध्येही त्याच वाटेने जायला हवं आणि तो दिसला नाही तर तेही लिहायला हवं. इथेच सगळे थकतात.

आणि कृपा करून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. थंडीत हा एकटा राहतो, आपली चरण्याची जागा राखतो. खोट्या प्रतिस्पर्ध्याच्या शोधात गेलेला वेळ म्हणजे न पकडलेले किडे. फोटोसाठी अळ्या टाकणं तर त्याहून गंभीर. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत आमिष दाखवणंही येतं. ‘टिर्रर्र’ असा कोरडा आवाज आला की सावलीत गप्प उभं राहावं. माशी टिपून तो पुष्कळदा जवळच्याच फांदीवर येऊन बसतो.

आपले,
काही पक्षीनिरीक्षक, बोरिवली