फळांचा केक : आधी क्रीम बदला

महोदय,

वाढदिवसाचा केक 'पौष्टिक' करायचा म्हणून मैद्याऐवजी कणीक आणि साखरेऐवजी गूळ घेतला जातो, वर मात्र डब्यातले व्हिप क्रीम बोटभर थापले जाते. बाजारातले बहुतेक व्हिप क्रीम म्हणजे वनस्पती तेल, पाणी आणि भरपूर साखर. आणि गूळ शेवटी साखरच. त्यातून केक काळपट होतो तो वेगळाच. बदल करायचा तर वरून खाली यावे.

क्रीमऐवजी चक्का वापरावा. अर्धा किलो सायीचे दही फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्येच टांगावे किंवा चाळणीत ठेवावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात बाहेर टांगलेले दही सकाळपर्यंत आंबट होते. सुमारे २०० ग्रॅम चक्का निघतो. त्यात ३० ग्रॅम पिठीसाखर अगदी शेवटी, हलक्या हाताने मिसळावी. साखर पाणी सोडायला लावते आणि जोरात फेटले की चक्का पातळ होतो.

सात इंची भांड्यासाठी बिनअंड्याचा स्पंज : १४० ग्रॅम कणीक, ४० ग्रॅम ज्वारीचे पीठ, २५० ग्रॅम दही, ११० ग्रॅम साखर, ८० मिलि बिनवासाचे तेल, चिमूटभर मीठ. आपली मालदांडी ज्वारी कितीही लाडकी असली तरी ती एकूण पिठाच्या पावपटीवर नेऊ नये. तिला चिकटपणा नसतो, सुरी लावताच केक भुगा होतो. साखर, दही, तेल एकजीव करून मीठ आणि पिठे मिसळावीत आणि दहा मिनिटे थांबावे, म्हणजे कोंडा भिजतो. मिश्रण घट्ट वाटले तर दोन-तीन चमचे दूध घालावे. मग सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा (चहाचा चमचा, सपाट) चाळून घालावा, मिसळले की लगेच भांडे ओव्हनमध्ये. सोड्याची दह्याशी गाठ पडताच बुडबुडे सुटू लागतात. इथे फोनवर बोलत बसले की केक बसलाच. १७० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे, पहिली २५ मिनिटे दार उघडू नये. कुकर असेल तर शिट्टी आणि रिंग काढून, पाणी न घालता, आत स्टँड ठेवून आधी दहा मिनिटे तापवावा. मंद आचेवर ४५ मिनिटे तरी लागतात.

केक पूर्ण गार झाल्याशिवाय चक्का लावू नये, तो वितळून ओघळतो.

आता फळे. डाळिंबाला आपल्याकडे तोटा नाही. दाणे कोरड्या फडक्यावर पसरून टिपून घ्यावेत, नाहीतर पांढऱ्या चक्क्यावर गुलाबी ओघळ येतात. द्राक्षे अर्धी चिरून पंधरा मिनिटे कागदावर पालथी ठेवावीत. सफरचंदाला लिंबू चोळावे. न शिजवलेले अननस, किवी आणि पपई यांच्यातले पाचक घटक दुधातली प्रथिने फोडतात, त्यामुळे चक्का कडवट आणि पातळ होतो. अननस हवेच असेल तर फोडी पाच मिनिटे उकळून, गार करून घ्याव्यात. कलिंगडाच्या नादी लागू नये, नुसते पाणी. फळे केक कापण्याआधी तासाभरातच मांडावीत, आणि मे महिन्यात केक फ्रिजबाहेर अर्ध्या तासाहून जास्त ठेवू नये.

एक विनंती : आपल्या पुरवणीत केकची कृती देताना 'एक वाटी' न लिहिता ग्रॅममध्ये प्रमाण द्यावे. घरोघरची वाटी वेगळी, आणि वाटीत दाबून भरलेली कणीक सैल भरलेल्या कणकेपेक्षा कितीतरी जास्त भरते. निम्मे केक दगड होतात ते याचमुळे.

— एक वाचक, सोलापूर