पाझर स्वच्छ आहे, बाबा

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे मजेत. शाळा, नोकरी, थंडी हे रविवारी फोनवर होतंच, ते पुन्हा लिहीत नाही. पत्राला निमित्त दादाचं. आमच्या तळ्याच्या बांधाची सरकारी नोंद इंटरनेटवरून शोधून त्याने त्यातलं ‘वर्ग १’ तुम्हाला वाचून दाखवलं आणि आईची झोप उडवली. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, माझं उत्तर मधेच राहतं. म्हणून हे लेखी.

आधी मुद्द्याचं. आमचं घर बांधाच्या वरच्या अंगाला, काठावर आहे. उद्या बांध गेलाच तर समोर पाण्याऐवजी चिखल दिसेल, घराला काही होणार नाही. आणि ‘वर्ग १’ हा काही बांधाच्या तब्येतीचा शेरा नव्हे. फुटल्यास खाली माणसं दगावण्याची शक्यता असेल ते धरण इथे जॉर्जिया राज्यात वर्ग १मध्ये जातं, मग ते कालच बांधलेलं आणि भक्कम का असेना. तब्येतीचा रकाना वेगळा. त्यात आमच्यापुढे ‘खराब’ लिहिलंय, हेही सांगून टाकते, नाहीतर दादा पुढच्या आठवड्यात शोधून काढेलच. भरावातून जाणारा पाणी सोडायचा पत्र्याचा पाइप आतून गंजलाय, आणि सांडवा आजच्या पुराच्या हिशेबाला अपुरा पडतो. भराव कुठे खचलेला नाही. खबरदारी म्हणून तळ्याची पातळी पाच फूट उतरवून ठेवलीय.

बाबा, तुमची सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली, तेव्हा तुमचा प्रश्न पाझराचा असणारच. मातीचा बांध थोडा पाझरतो, हे तुम्हीच शिकवलंत. तुम्ही सांगितलंत तसं पायथ्याशी जाऊन काचेच्या बरणीत पाणी भरून आणलं आणि रात्रभर ओट्यावर ठेवलं. सकाळी तळाशी गाळाचा कण नव्हता. पाझराच्या तोंडाशी नारिंगी, बुळबुळीत थर दिसतो, तो पाण्यातल्या लोहावर वाढणाऱ्या जिवाणूंचा आहे. माती वाहून येते म्हणून नव्हे. तरी पाणी गढूळ झालं की रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा ते फ्रिजवर लावलंय.

आई, ‘धरण खासगी कसं असतं गं?’ हे तुझं विचारणं रास्त आहे. इथे अमेरिकेत देशाच्या नोंदीत ९०,००० हून जास्त धरणं आहेत आणि त्यातली निम्म्याहून अधिक खासगी मालकीची. कुणा बिल्डरने ओढा अडवला, तळ्याकाठचे प्लॉट विकले आणि बांध रहिवाशांच्या गळ्यात घालून तो निघून गेला. आता आम्हीच मालक. वर्षातून एकदा खुर्च्या मांडून बसतो आणि धरणाचं काय करायचं यावर हात वर करून मतदान करतो!

त्याहून अजब म्हणजे, बांधावर झाड उगवलं की ही माणसं अस्वस्थ होतात. आपण झाडं लावण्याचे कार्यक्रम करतो, इथे बांधावरचं रोप बोटाएवढं असतानाच उपटतात. मोठं झाड वादळात उन्मळलं तर भरावाचा लचका घेऊन जातं. नुसतं वाळलं तरी मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी पाण्याला आयत्या वाटा मिळतात. मोठं झाड तोडून टाकावं म्हटलं तर मुळं मागे राहतातच, त्यामुळे तेही इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही. म्हणून बांधावर फक्त गवत, तेही कायम कापलेलं. पाझर, भेगा आणि बिळं लांबून दिसावीत म्हणून. बिळं मस्करॅटची, म्हणजे घुशीसारखा पाण्याकाठचा प्राणी. शिवाय बीव्हर, म्हणजे काटक्यांनी पाणी अडवणारा प्राणी, ते पाइपाच्या तोंडाशी काटक्या कोंबतात ते वेगळंच. (तिवऱ्याचं धरण फुटल्याचं खापर खेकड्यांवर फोडलं, तेव्हा तुम्ही किती चिडला होतात ते आठवतंय. इथे बिळं खरोखर तपासतात, पण दोष ती वेळेवर न बुजवणाऱ्या माणसाचाच असतो, हे इथल्यांनाही कळतं.)

तिवरे विसरलीस का, असं तुम्ही रागाने विचारलंत. नाही विसरले. इथलेही विसरलेले नाहीत. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे याच राज्यात टोकोआला केली बार्न्स नावाचा असाच लहान, खासगी बांध फुटला आणि ३९ माणसं गेली. पुढच्या वर्षी राज्याने धरण सुरक्षेचा कायदा केला. तरी जुलै १९९४ मध्ये आल्बर्टो वादळ राज्यावर येऊन थबकलं, अमेरिकस गावी २४ तासांत २१ इंच पाऊस झाला आणि दोनशेच्या वर बांध फुटले. म्हणजे काळजी आम्हालाही आहे.

मला सलतं ते दुसरंच. तळं आमचं, मतं आमची, आणि पाणी सुटलं तर जाणार ओढ्याकाठच्या खालच्या घरांत. त्यांना मत नाही. गेल्या बैठकीला तिथले एक आजोबा आले होते, त्यांना बोलायला दोन मिनिटं मिळाली. त्यांनी विचारलं, ‘रात्री फुटलं तर मला कोण उठवणार?’ कुणी काही बोललं नाही. मग मी आणीबाणीच्या आराखड्यातले खालच्या घरांचे फोन नंबर लावून पाहिले. निम्मे बंद. आता तुमचे जावई आणि मी दारोदार फिरून यादी नव्याने करतोय.

आता पैशाचं. दुरुस्तीसाठी दर घरामागे १५,००० डॉलर ठरलेत, तीन वर्षांत भरायचे. बांध रीतसर फोडून तळं रिकामं करावं, असंही काहींचं मत होतं. आम्ही दुरुस्तीला मत दिलं. घर विकून मोकळे व्हा म्हणता, पण ‘खराब’ शेऱ्याचं तळं समोर असताना घेणार कोण? ओढाताण मुळीच नाही, फक्त आखणी बदलावी लागतेय. छोटीच्या लग्नाच्या हॉलचे पैसे मी म्हटल्याप्रमाणे देणार, पण दोन हप्त्यांत. पहिला या महिन्यात, दुसरा लग्नाआधी. दागिन्यांचं मात्र दादाला तूर्त सांभाळू दे. त्याला मी स्वतः फोन करते, तुम्ही मधे पडू नका.

लग्नाला मी एकटीच येईन. जावयांना तळ्याच्या समितीने खजिनदार केलंय आणि पाइपाचं काम नेमकं त्याच आठवड्यांत निघतंय, शिवाय तीन तिकिटं सध्या नकोत. नातीला आणत नाही म्हणून आई रुसेल, ठाऊक आहे. मुहूर्त पक्का झाला की लगेच कळवा, तिकीट काढायचंय. छोटीला सांगा, हळदीच्या आदल्या दिवशी पोचते.

तुमची,
ताई