‘रन’ म्हणजे केवळ धावणे नव्हे

महोदय,

राज्यात २००० सालापासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकवले जात असले, तरी मुलांच्या वहीत अजूनही एका शब्दापुढे एकच अर्थ लिहिलेला दिसतो आणि ‘रन म्हणजे धावणे’ एवढे पाठ झाले की तो शब्द आला, असे समजले जाते. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वाधिक जागा ‘सेट’ या क्रियापदाला लागली होती. पुढच्या फेरसंपादनात ‘रन’ने त्याला मागे टाकले आणि त्याच्या अर्थच्छटा सहाशेहून अधिक भरल्या. सर्दीत नाक ‘रन’ होते तेव्हा ते वाहते, धुताना साडीचा रंग ‘रन’ होतो तेव्हा तो जातो, अमेरिकेत अध्यक्षपदासाठी ‘रन’ करणारा निवडणूक लढवतो, तर बँकेवर ‘रन’ येतो तेव्हा घाबरलेले ठेवीदार पैसे काढायला एकाच वेळी गर्दी करतात. ‘रन आउट’ मैदानावर फलंदाज धावचीत झाल्याचे सांगतो, स्वयंपाकघरात साखर संपल्याचे. यांतील बहुतेक अर्थांमागे गतीचा धागा आहे, आणि तो उलगडून दाखवला तर मराठी मुलांना चटकन उमगेल, कारण आपल्याकडेही घड्याळ चालते, खटला चालतो, एखाद्याचे घरात फार चालते आणि चहा नसेल तर सरबतही चालते. शब्दार्थांच्या याद्या घोकून घेण्याऐवजी शिक्षकांनी एकेका शब्दाची अशी चार-पाच वाक्ये वर्गात वाचून घ्यावीत आणि पाठ्यपुस्तकांत धड्याखाली त्यांना जागा मिळावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा